तिसऱ्या हाकेपर्यंत

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांच्या गटाची वेबसाइट मी सांभाळते. हातसडीचा नवा तांदूळ आला, की गिऱ्हाइकांना ईमेल जातात. जायला पाहिजेत, असं म्हणू. त्या दिवशी दुपारपासून ईमेल पाठवणारं मेलं प्लगिन एकच रडगाणं गात होतं: सुरक्षित जोडणी होत नाही, समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र पडताळता येत नाही. पासवर्ड बदलला, पोर्ट बदलला, प्लगिन काढून पुन्हा टाकलं. ढिम्म!

सासूबाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. "काय म्हणून राह्यलं ते?"

"समोरचा कोन हाये ते ओळखल्याबिगर बोलत नाई म्हणते."

"मंग शहाणं हाये."

माझं डोकंच फिरलं. म्हणे शहाणं! होस्टिंगवाल्याने त्याच्याकडची जुनी प्रमाणपत्रं बदलायला हवी होती, आणि तो फोन उचलत नव्हता. शेवटी इंटरनेटवर कुणीतरी सुचवलेली एक ओळ टाकली: पडताळणी बंद. ईमेल झटक्यात गेला.

"पयल्या हाकेले ओ देऊन राह्यली तू," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे लेकरांनाही हे ठाऊक असतं. सांजेला बाहेरून हाक आली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. जे माणूस नसतं, ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही.

"आई, हे वेबसाइट हाये, भूत नाई," मी हसले.

हसले खरी. पावसाळ्यात माझा नवरा डोंगा घेऊन वैनगंगेत जाळं टाकायला गेला होता. डोंगा सापडला, तो सापडला नाही. लोक म्हणत, त्याचं कार्य उरकून टाका. आम्ही दोघी ऐकत नव्हतो. मी वाट पाहत होते, आणि त्याची मला लाज नव्हती.

दिवेलागणीला लाइट गेली. कुडापलीकडून, नदीच्या अंगाने हाक आली.

"अवं, आयकून राह्यली का?"

तो मला नावाने कधीच बोलवत नसे. अशीच हाक मारायचा. मी उठले, ओ द्यायला तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी ते हाताने गच्च दाबलं. हाताला कोंड्याचा वास होता. असा संताप आला, की तो हात चावावा! पोटच्या लेकाला ओ देऊ देत नाही ही बाई?

"मलेबी आयकू आलं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "माह्याच लेकाचा आवाज हाये. थांब."

दारातलं कुत्रं कुडाकडे बघत होतं, पण भुंकत नव्हतं. दुसरी हाक आली, कुडाच्या अगदी जवळून. मी मनात म्हणत होते, अजून एकदा बोला, एकदाच बोला.

लाइट आली. स्क्रीन उजळला. का कोण जाणे, मी आधी ती पडताळणी बंद करणारी ओळ पुसली. लाल सूचना परत आली: ओळख पटत नाही. कुडापलीकडून तिसरी हाक आली नाही.

सासूबाईंनी माझ्या तोंडावरचा हात काढला.

"गेला माहा लेक," त्या म्हणाल्या, आणि पावसाळ्यापासून पहिल्यांदा रडल्या.