नीलम्माची जागा

रणधीर अकरा वर्षांपासून ढोकी ते तेर काळी-पिवळी जीप चालवतो. म्हातारं माणूस हात करताना दिसलं की भरलेली गाडीही थांबवतो. गावात त्याला सगळे भला म्हणतात.

त्याची मुलगी सृष्टी नववीत. वक्तृत्व स्पर्धेत तिला विषय मिळाला, अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचा इतिहास. रविवारी रणधीर अंगणात जीप धूत होता आणि ती त्याला भाषण म्हणून दाखवत होती. कापसाची शेतं, त्यात राबणारे काळे गुलाम, गुलामी टिकवायला देशातून फुटलेली राज्यं. मग ती एकोणीसशे पंचावन्न सालावर आली. मॉन्टगोमेरी शहरात शिवणकाम करणारी एक काळी बाई बसमध्ये बसली होती. गोऱ्या माणसाला जागा हवी म्हणून ड्रायव्हरनं तिला उठ म्हटलं. ती उठली नाही. तिला अटक झाली. तिथले काळे लोक मग वर्षभराहून जास्त काळ बसमध्ये चढलेच नाहीत. शेवटी काळ्यांनी गोऱ्यांना जागा द्यायचा तो नियम कोर्टानं मोडीत काढला.

“पप्पा, त्या ड्रायव्हरला नंतर काय वाटलं असंल?”

“मला काय ठाव,” रणधीर म्हणाला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागला.

तीन वर्षांपूर्वी ढोकीबाहेरच्या भटक्यांच्या पालांवरची नीलम्मा ताप आलेल्या नातीला तेरच्या दवाखान्यात न्यायला त्याच्या जीपमध्ये बसली होती. गावातला एक बडा माणूस चढला आणि म्हणाला, “हिच्या शेजारी बसू व्हय?” रणधीरनं मागं वळून सांगितलं, “ए बाई, उतर. मागून दुसरी गाडी येतीय.” ती नातीला घेऊन उतरली. मागून गाडी नव्हती. हे त्याला ठाऊक होतं.

भाषण ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तो पालांवर गेला. नीलम्मानं त्याला लगेच ओळखलं.

“मावशी, त्या दिवशी लई चुकलं माझं.”

“चालत गेले तेरला,” ती म्हणाली. “पोरगी वाचली.” मग म्हणाली, “तवापासनं आमच्यातलं कुणी तुमच्या गाडीत बसत न्हाय.”

तीन वर्षं. रणधीरच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं सृष्टीला सगळं सांगितलं. ती वही उचलून आत गेली. दोन दिवस बोलली नाही.

आता रोज सकाळी तो पालांसमोर गाडी थांबवतो. गाडीतले लोक कुरकुरतात. नीलम्मा पालाच्या दारातून बघते. अजून कुणी चढलेलं नाही.