कांताबाईंचा कोथिंबिरीचा वाफा

तुमच्या कुत्र्याला जंताची गोळी शेवटची कधी दिली? आठवत नाही ना? मग कांताबाईंना नावं ठेवू नका.

हिंदी मुलखातल्या बीरगांवात एका भाड्याच्या खोलीत त्या एकट्या राहतात. नवरा जवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यात मेला, तेव्हापासून सोबतीला भुऱ्या कुत्रा. खोलीमागे कोथिंबिरीचा वाफा. अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यातून फुकट मूठभर नेतो.

गेल्या महिन्यात घरमालक शंकरच्या सात वर्षांच्या रुचिताला ताप आला, मग एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या जंताची अंडी पोटात गेली. या सोमवारी शंकर बाईंच्या दारात उभा. "दीदी, रविवार तक कुत्ता बाहर, नहीं तो आप बाहर."

मी त्यांच्या ओळखीची; जनावरांच्या डॉक्टरला विचारून भुऱ्यासाठी गोळी घेऊन गेले.

"भुऱ्याची घाण कुठं टाकता?"

"टाकू काहून? वाफ्यात घालतो. शेणावाणीच खत ना थे. गावाकडं आम्ही काही वाया नाही घालवत."

माझं डोकं फिरलं. "खत? अंडी पेरून राहिल्या तुम्ही! दोन-तीन आठवडे मातीत राहिली की ती लागण करतात, अन् लोकं कोथिंबीर कच्ची खातात!"

बाई वाफ्याजवळ बसल्या. "रुचिता रोज न्यायची. पोह्यावर."

मग म्हणाल्या, "सांगतलं तर खोली गेली. नाही सांगतलं तर पोट्टे खातच राहतीन. कुठं जाऊ वं मी?"

मला काय सुचलं, सांगते, लाज वाटते. म्हटलं, "वाफा उपटू अन् गप्प बसू."

"अन् जे खाऊन बसले? त्याईले दवाखान्यात कोण धाडन, तू?"

बाई उठल्या, एकेका दारी गेल्या. अकरा घरं. एकीनं तोंडावर दार आपटलं. एक म्हणाली, "जहर खिलाया हमको!" शंकर ऐकून घेत राहिला, मग एवढंच बोलला, "अब दोनों बाहर." चार घरांनी मात्र पोरं तपासायला नेली.

भुऱ्याला गोळी दिली. पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा. घाण आता रोज पिशवीत बांधून कचऱ्यात जाते. वाफ्याला कुणी हात लावत नाही. बाई सामान बांधतात, सोडतात, परत बांधतात. जायला ठिकाणच नाही. कुत्र्याचं नाव ऐकलं की प्रत्येक घरमालक मान हलवतो.

रविवार परवा आहे. बीरगांवात किंवा आसपास तुमची एखादी खोली रिकामी असेल तर ती बाईंना द्या, भुऱ्यासकट.