पौंडाची खळ

खळीच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साचतात. नखांत खळ आणि डोक्यात किस्से. खळ गरम पाण्याने निघते. किस्से निघत नाहीत, म्हणून सांगतो. जवळजवळ सगळे विश्वंभरचेच आहेत.

लातूरच्या एमआयडीसीत आम्ही दोघे खळ शिजवायचो. बाटल्यांवर लेबल चिकटतात ना, ती खळ. किती दाट झाली ते मोजायला एक जुने विलायती यंत्र होते. त्याचा आकडा पौंड, फूट आणि सेकंद मिळून यायचा. आम्ही नुसते पौंड म्हणायचो. खळ एक पौंड भरली की उतरवायची, एवढे आम्हाला कळत होते.

विश्वंभर यंत्राच्या आधी स्वतः बघायचा. पळी वर धरायचा, धार बघायचा. जमली असली की कढईच्या काठावर पळी दोनदा वाजवायची. म्हणजे पास. नसली की पळी पालथी. बोलायचे काम नाही.

*

मग नवे यंत्र आले. ते पास्कल आणि सेकंद मिळून बोलायचे, आम्ही नुसते पास्कल म्हणायचो. अहमदपूरच्या शेख मॅडम लॅबला होत्या, त्यांनी समजावून सांगितले. त्या दिवशी विश्वंभर रजेवर होता.

दुसऱ्या दिवशी त्याने नमुना लावला. आकडा आला अठ्ठेचाळीस!

"आरं देवा, दगड झाला की हिचा!" असे म्हणून त्याने सगळ्या घाण्यात पाण्याचा पाइप सोडला. पळीने बघायचेसुद्धा विसरला.

मॅडम धावत आल्या. "काका, खळ तीच हाय. माप बदललंय. जुना एक पौंड म्हणजे नवे अठ्ठेचाळीस पास्कल. थोडं कमीच."

विश्वंभरने पळी उचलली. धार नव्हतीच, ताक होते. त्याने पळी पालथी केली आणि मॅडमला विचारले, "माप बदललं तर बदललं. मला इचारलं का?"

*

त्यानंतर त्याला अठ्ठेचाळीसचा पाढाच लागला. नव्या यंत्राचा आकडा आला की भागाकार करून पौंड काढायचा, मगच उतरवायचा. मॅडम म्हणायच्या, "काका, आता सवय करा."

"करायलोय की मॅडम. पण पौंडात."

उन्हाळ्यात कोणी म्हणाले, आज पारा चव्वेचाळीसवर गेला. हा लगेच, "म्हंजे एक पौंड बी न्हाई. चला कामाला!"

*

मुरुडला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत वाढप्या वरण घेऊन आला. विश्वंभरने त्याच्या हातातली पळी घेतली, वर धरली, धार बघितली आणि पळी पातेल्यातच पालथी केली.

नवरीचा मामा तावातावाने आला. "पाव्हणं, काय झालं वरणाला?"

"लेबल चिकटायचं न्हाई ह्यानं."

मामाला काही कळले नाही. कौसाबाई, म्हणजे विश्वंभरची बायको, बायकांच्या पंगतीतून ओरडली, "भाऊजी, त्या माणसाला उठवा तिथनं!" मी उठवले. जेवण अर्धे राहिले. माझेही.

*

जुने यंत्र भंगारात गेले. न्यायला नांदेडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. विश्वंभरने ते आधी फडक्याने पुसले, मग उचलू दिले.

"काका, भंगार हाय ते. पुसता कशाला?"

"तुझ्यासाठी हाय भंगार."

टेम्पो फाटकाबाहेर गेला तरी तो फडके हातात धरून उभा होता. मी म्हणालो, चल. तो चालू लागला. फडके खिशात घातले.

*

रिटायर झाल्यावर त्याला लकवा मारला. उजवे अंग गेले, वाचा गेली. लेक नांदेडला दिली आहे, ती त्याला आणि कौसाबाईला घरी घेऊन गेली.

पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, पाणी छातीत उतरतेय, पातळ काही द्यायचे नाही. घट्ट करायची पावडर दिली. मधासारखे करा म्हणाले. लेक करायची ते कधी पाण्यासारखे व्हायचे, कधी खिरीसारखे.

मी पावडरीचा डबा लातूरला शेख मॅडमकडे आणला. त्यांनी डॉक्टरांना फोन करून आकडा विचारला, यंत्रावर पाणी लावले. एका पेल्याला किती पावडर, ते ठरवून दिले. एक पास्कल.

नांदेडला जाऊन मी विश्वंभरच्या कानात सांगितले, "पौंडाचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा. आपण असली खळ गटारात सोडली असती."

तो अर्ध्या तोंडाने हसला. कौसाबाई पेला ढवळत होती. म्हणाली, "जल्मभर खळ शिजवली, भाऊजी. आता ह्यांच्या पाण्याची बी खळच झाली."

*

पुढे त्याची छाती भरतच गेली. डॉक्टरांनी घरी पाठवले. म्हणाले, आता मागेल ते द्या.

मी गेलो तेव्हा दुपार होती. कौसाबाईने माझ्या हातात चहा दिला. त्याचा चहा पावडर घालून आणला. त्याने डाव्या हाताने चमचा बुडवला, वर धरला. चहा तार धरून उतरला. त्याने चमचा पालथा केला.

आणि माझ्या कपाकडे बघत राहिला.

लेक म्हणाली, "बाबा, न्हाई. ठसका लागंल." ती रडू लागली.

कौसाबाई माझ्याकडे वळली. "डॉक्टर द्या म्हणत्यात. माझा हात धजत न्हाई. भाऊजी, तुमी सांगा."

मी माझ्या कपातला चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढे ठेवली.

त्याने चमचा भरला. वर धरला. चहा सरळ खाली गेला, पाण्यासारखा. तो बघत राहिला.

मग त्याने बशीच्या काठावर चमचा दोनदा वाजवला.