चौऱ्याऐंशी वर्षांचा कुत्रा

दिवेआगरला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा वाटेत एक कोळीण बोंबील सुकवताना दिसे. तिचा बारा वर्षांचा कुत्रा त्यांत तोंड घाली, आणि ती शिव्या देत त्याला काठीने हाकलून लावी. एकदा मी मासिकात वाचलेलं तिला सांगितलं, की कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. हा चौऱ्याऐंशीचा झाला.

ती बराच वेळ बोटं मोजत राहिली. "म्हंजे सासऱ्यापरीस मोठा?"

दुसऱ्या दिवशी कुत्रा खुशाल बोंबील खात होता, आणि ती डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी होती.

"अहो, हाकला की त्याला," मी म्हणालो.

"सुनेनं? तुमीच हाकला, मास्तर. वय तुमीच वाढवलाव."

ती थट्टा करत होती की काय, कळेना. मी काठी उचलली खरी, पण हात वर जाईना.