खोटं जरा कमी करा

काउंटरवर लेबलाचा नमुना ठेवला की काकू आधी पदराने चष्मा पुसायच्या. मग एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायच्या, आणि ज्या शब्दावर बोट थांबेल त्याचं काही खरं नसायचं. "भाऊ, खोटं जरा कमी करा," म्हणायच्या.

बदनापूरला स्टेशन रोडवर माझं छपाईचं दुकान आहे. लेबलं, पत्रिका, बॅनर, जे येईल ते. तुम्ही कधी बॅनर करून घेतलं असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, आमचा धंदा विशेषणांवर चालतो. काकूंनी जवळच्याच त्यांच्या गावात आठ-नऊ बायका जमवून छोटी डाळमिल टाकली आणि लेबल करायला माझ्याकडे आल्या, तेव्हा मी सवयीने लिहून टाकलं, 'शुद्ध, पारंपरिक, घरगुती, एक नंबर तूरडाळ'.

बोट फिरू लागलं, आणि तोंडही. पारंपरिक कसली, मिल तर परवा बसली. घरगुती कशी, गोदामात कोण राहतं. एक नंबर कोणी दिला. शेवटी 'तूरडाळ' हा एकच शब्द जिवंत राहिला. त्याखाली त्यांनी स्वतः ओळ सांगितली, 'खडे निवडले आहेत, तरी शिजवण्याआधी एकदा बघा.' आणि तिच्याखाली, ती डाळ निवडणाऱ्या बाईचं नाव.

अशाने डाळ खपायची नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. डाळ खपली. लोक नाव सांगून पाकीट मागायला लागले. एकीच्या पाकिटात खडा निघाला, तर ती चार दिवस कोणाशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी नवा चष्मा करून आली.

मग संभाजीनगरच्या एका मोठ्या दुकानातून मागणी आली. वर्षभराची. लेबलाच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचा नंबर होता, म्हणून तिथल्या साहेबांनी फोन मलाच केला होता. त्यांची अट एकच होती, लेबलावर मोठ्या अक्षरात 'जात्यावर भरडलेली' पाहिजे. ते शब्द नसतील तर मागणी रद्द. काकू खूश होतील या भरात मी न विचारताच चार हजार लेबलं छापून मोकळा झालो.

काकूंनी गठ्ठा बघितला. बोट 'जात्यावर'वर थांबलं. त्या तशाच स्टुलावर बसल्या. दिवाळी तोंडावर आली होती. मिलमध्ये सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतं, आणि मिलमधल्या चार बायकांच्या घरी ऊसतोडीच्या मुकादमाच्या दोन-दोन चकरा होऊन गेल्या होत्या. एकदा टोळी अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघाली की त्या उन्हाळ्यापर्यंत परत येणार नव्हत्या.

"चौघी जातील हो भाऊ," त्या म्हणाल्या. जरा वेळाने उठल्या. "त्या साहेबाला गावात बोलवा. म्हणावं, जातं दाखवून राह्यलो."

बाई अखेर धंदा शिकली, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला बरंही वाटलं.

साहेब आले त्या दिवशी जातं तयार होतं. शेजारच्या न्हाणीत कपडे आपटायला पालथं घातलेलं होतं, ते सकाळीच घासूनपुसून मांडलं होतं. भोवती सगळ्या बायका. चहा झाल्यावर काकूंनी साहेबांना जात्यापुढे सतरंजी टाकून दिली आणि खुंटा त्यांच्या हातात दिला. साहेब हौशी होते, बसले. बायकांनी गंभीर चेहऱ्याने ओव्या धरल्या.

दहा मिनिटांत साहेबांचा तळहात लाल झाला. ओंजळभर डाळ निघाली होती, त्यात अर्धं पीठ. काकूंनी ती सुपात घेतली, फटकून बघितली.

"बराबर जमून राह्यलं, साहेब. आता दोन क्विंटलच राह्यली. दम खा, मंग करू."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मी भिंतीकडे बघत होतो. साहेबांनी हाताकडे बघितलं, जात्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले. मग काकू त्यांना मिलवर घेऊन गेल्या. साहेबांनी तिथली डाळ मुठीत घेतली, दोन दाणे चावले, आणि लेबल काकू म्हणतील तसं करायला मला सांगितलं.

'मशीनवर भरडलेली' हे शब्द काकूंनी मोठ्या अक्षरात करून घेतले. माझी चार हजार लेबलंही वाया जाऊ दिली नाहीत, मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षभर किराण्याच्या याद्या केल्या. त्या दिवाळीत चौघींपैकी कोणीच तोडीला गेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मिलवरच्या बायका श्रद्धांजलीचं बॅनर करायला माझ्याकडे आल्या. मी काकूंचा फोटो लावला आणि खाली हाताला सवयीचं होतं तेच लिहिलं, 'शांत, मितभाषी, प्रेमळ'. लिहिताना मला नीट दिसत नव्हतं.

चौघींपैकी एक, तीच नव्या चष्म्यावाली, पुढे आली. चष्मा पदराने पुसला. बोट 'शांत'वर थांबलं, मग 'मितभाषी'वर.

"भाऊ, खोटं जरा कमी करा."

मी दोन्ही शब्द काढले. बोट 'प्रेमळ'वर गेलं. तिथे बराच वेळ राहिलं.

"हे असू द्या," ती म्हणाली.