अक्काच्या पाठीवर माझा पाय

चूक माझी होती, आणि ती मी मोठ्या ऐटीत केली. मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. पायाळूने पाय लावला की उसण उतरते, अशी आमच्याकडे समजूत. पिंपरीच्या आमच्या चाळीत कुणाची पाठ धरली की मला बोलावणं यायचं. "राव, कंपनीच्या दवाखान्यापेक्षा तुझा पाय बरा," असं शेजारचा फिटर म्हणायचा. मला ते खरंच वाटायचं.

थोरली बहीण, अक्का, आमच्याकडेच राहायची आणि औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायची. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. एका सकाळी हंडा उचलताना तिच्या पाठीत जोराची कळ आली. मी तिला पालथं निजवलं आणि पाय लावला.

"ही उसण न्हाई," ती म्हणाली. "पायाला मुंग्या आल्यात. दवाखान्यात ने मला."

"उतरेल गं. दम धर जरा."

"पाय तुझा, अन् दम मी धरायचा व्हय?"

दारातल्या बायका हसल्या. मीही हसलो आणि शिफ्टला निघून गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं, लघवीही अडली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूभोवती रक्त साकळलं होतं आणि तो दाबला जात होता. असं क्वचितच होतं. अशी गोळी घेणाऱ्यांना किंवा ज्यांचं रक्त नीट गोठत नाही त्यांना, कधी साध्या हिसक्यानेही.

"माझ्या पायामुळे झालं का?"

"ते सांगता येणार नाही. पण दिवस वाया घालवलात."

ऑपरेशन करून रक्त काढलं. अक्का गॅलरीचा कठडा धरून लहान मुलासारखी पुन्हा चालायला शिकली. डावा पाय ओढतच राहिला. फिटर म्हणाला, "अक्का, आता घरी बसा." ती म्हणाली, "तुम्ही बसा आधी, मग बघू." काठी घेऊन ती कंपनीच्या बसमध्ये चढली, तेव्हा सगळी चाळ खाली उतरली होती. एवढा अभिमान मला स्वतःच्या पगाराचाही कधी वाटला नाही.

तरी माफीचा शब्द काही वर्षं तोंडातून निघाला नाही. ती तिच्या विभागाची मुकादम झाली, त्या संध्याकाळी तिने पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरला. माझ्याच्याने पेढा उचलवेना.

"घे की."

"अक्का, दवाखान्यात ने म्हणून तू सांगत होतीस आणि मी हसलो. माझं चुकलं. मला माफ कर."