विकत घेऊ नको म्हणणारा आवाज

चंद्रपुरात बायपासजवळ टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. आम्ही त्यांना स्टुडिओ म्हणायचो, कारण मालक म्हणायचे. आत एका भिंतीवर गॉगल घातलेला वाघ रंगवलेला होता. खिडकी उघडली की टेबलावर कोळशाची काळी धूळ बसायची, म्हणून खिडकी बंदच असायची आणि एसी सुरू. एसीचं बिल कोण भरतं हे मला फार उशिरा कळलं.

मालक पुण्याची नोकरी सोडून आले होते. "सर म्हणू नका, नावाने हाक मारा, आपण कुटुंब आहोत," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते जमलं नाही. आमच्याकडे बसच्या कंडक्टरलाही कोणी नावाने हाक मारत नाही, भाऊ म्हणतात. मी शेवटपर्यंत सरच म्हणाले. नावाने हाक मारणाऱ्यांनाही पगार वेळेवर मिळत नाही, हे कळल्यावर त्या संकोचाची लाज वाटेनाशी झाली.

मी तेव्हा बीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर तलावातल्या मासेमारीवर आणि थोड्याशा धानावर चालतं. कॉलेजात जाणारी मी घरातली पहिलीच. कॉलेजच्या फलकावर 'स्थानिक बोली येणारी विद्यार्थिनी पाहिजे' अशी चिठ्ठी होती. बोली येते म्हणून कोणी पैसे देईल, असं मला वाटलं नव्हतं. ते वाटणंच बरोबर होतं.

सर मोबाइलवरचा खेळ बनवत होते. जंगलातलं गाव, गावाचा तलाव. खेळणाऱ्याने मासे धरायचे, विकायचे, मग खरे पैसे देऊन नवं जाळं, नवी होडी घ्यायची. मधूनमधून वाघ पाण्यावर येणार. "सगळं अस्सल हवं," असं सर दिवसातून दहा वेळा म्हणायचे. त्यांनी स्वतः तलावात पाय बुडवला नव्हता. एकदा आमच्या गावी आले तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहून त्यांनी फोटो काढला आणि बुटाला चिखल लागला म्हणून गाडीत जाऊन बसले.

अस्सलपणासाठी गावातल्या सहा जणांचे आवाज घ्यायचं ठरलं. हे काम माझं. दिवाळीच्या सुट्टीत गावच्या शाळेच्या एका खोलीत, कोंबड्यांचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या बांधून, आम्ही तीन दिवस रेकॉर्डिंग केलं. प्रत्येकाला खेळ बाजारात आला की पैसे मिळणार होते. सरांनी मला सांगितलं, मी त्यांना सांगितलं. त्या सहा जणांनी सरांना नीट पाहिलंही नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं मला.

त्यातली एक माझी मोठीमाय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. तिचा आवाज सगळ्या तलावावर ऐकू जातो. मी तिला म्हटलं, "समज, एक पोट्टा दुकानात नवीन जाळं घेऊन राह्यला. तू तिथी उभी हायेस. काय म्हणशील?"

ती क्षणभरही थांबली नाही. "कायले घेतं रे बाबू? जुनं शिव ना. चार गाठी मारल्या का झालं!"

सगळे हसले. मीही हसले. त्या तुकड्याला मी 'खरेदी' असं नाव दिलं आणि तो स्टुडिओत दिला. सरांनी डोळे मिटून ऐकला. "वा! काय टेक्स्चर आहे!" त्यांना एक शब्द कळला नव्हता. तिथे मी सांगायला हवं होतं की सर, ही बाई घेऊ नको म्हणतेय. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण सर खूश होते, आणि खूश असलेल्या मोठ्या माणसाला अडवायचं मला घरी कोणी शिकवलं नव्हतं. ती चूक माझी. बाकीच्या मी माझ्या नावावर घेणार नाही.

प्रोग्रामिंग करणारी ताई राजुऱ्याची होती, वडील खाणीत कामाला. ती मोजकं बोलायची, शेजारी बसून खेळाची चित्रं काढणारा मुलगा तर त्याहून कमी. खेळ बाजारात आणायची तारीख एक महिना अलीकडे आणायचं सरांनी ठरवलं, तेव्हा तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात 'तयार नाही' असं लिहिलं. सरांनी ते पुसलं आणि म्हणाले, "परिपूर्णतेचा हट्ट म्हणजे भीतीच असते." अशी वाक्यं त्यांना रोज सुचायची. फोन इतका गरम का होतो, याचं कारण मात्र कधी सुचलं नाही. खेळ तपासला जायचा तो सरांच्या महागड्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर. ताईने स्वतःच्या साध्या फोनवर तो सुरू केला की सर म्हणायचे, "तो फोन आपला ग्राहक नाही." आपला ग्राहक कोण, हे त्यांनी कधी दाखवलं नाही.

लॉन्च नागपूरच्या हॉटेलात झाला. वाघाच्या तोंडाचा केक होता. मोठ्या पडद्यावर खेळ छान चालला. जाहिरातीवर पहिल्याच आठवड्यात सगळे पैसे ओतले. लोकांनी खेळ उतरवून घेतला आणि खेळाने त्यांचे फोन बंद पाडले. पाण्यावर वाघ आला की पडदा काळा. नेट गेलं की खेळ पहिल्यापासून. हॉस्टेलवरची माझी मैत्रीण एटापल्लीकडची, सुट्टीत घरी गेली होती. तिने मला व्हॉइस नोट पाठवली: "तुह्या गेममंदी तलाव दिसते, मंग गोल गोल फिरते, मंग फोन चटका देते. यात मासे कुठी हायेत वो?"

पैसे परत मागणाऱ्यांची रांग लागली. लोकांनी एक-एक तारा दिला आणि खाली लिहिलं की यापेक्षा कमी देता येत नाही. सर म्हणाले, "टीका म्हणजे प्रेमच असतं." त्या महिन्याचा पगार झाला नाही. पुढच्याही नाही. कॉफीचं मशीन बिघडलं ते तसंच राहिलं. गावाहून फोन यायचे. "पैशे कई भेटतीन वो बाई?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. मी सरांचंच वाक्य गावाकडे पाठवत होते, फक्त माझ्या आवाजात.

सरांच्या मामांनी या धंद्यात पैसे घातले होते. एसीचं बिलही त्यातूनच जायचं. त्यांची मूलकडे राईस मिल आहे. दुसरा हप्ता देण्याआधी ते हिशोब विचारायला आले. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. एकावर लिहिलं होतं, 'अपयशाचं मुख्य कारण: स्थानिक आवाज'. आणि त्यांनी मोठीमायचा तुकडा वाजवला. कोणीतरी त्यांना आता अर्थ सांगितला होता.

"कायले घेतं रे बाबू? जुनं शिव ना!"

"ऐकलंत?" सर म्हणाले. "ग्राहक पैसे द्यायला जातो आणि ही बाई त्याला अडवते. विक्री होणार कशी? म्हणून या सहा जणांना मोबदला देणं योग्य ठरणार नाही. खरं तर नुकसान त्यांच्यामुळे झालंय."

मामा हसायला लागले. "बाई तं बरोबरच सांगून राह्यली, भाच्या."

मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, बाकी सगळे बसूनच बोलत होते. पण वर्गात तशीच सवय आहे. "सर," मी म्हटलं, "त्या दुकानापर्यंत किती जण पोचले?"

सर म्हणाले, "तो मुद्दा नाही."

ताई लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बोटांवर मोजण्याइतके. त्यात एक मी अन् एक ही. बाकीच्यायचे फोन त्याच्या आधीच बंद पडले."

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "म्हणजे दुकानात कोणी आलंच नाई, अन् तू म्हातारीले दोष देऊन राह्यला? दुकान बंद कर बाप्पा." त्यांनी दुसरा हप्ता दिला नाहीच. जाताना लॅपटॉप आणि इन्व्हर्टर गाडीत घातला आणि सरांना म्हणाले, "बाकीचं सामान ज्याचं देणं हाये त्यायले वाटून टाक. मी विचारीन."

मी गावी मोठीमायला फोन करून सांगितलं की पैसे येणार नाहीत, सामान मिळेल. रविवारी सकाळच्या बसने मोठीमाय आली, सोबत आवाज दिलेले एक म्हातारे भाऊ. सरांनी तोवर चांगल्या खुर्च्या एका बाजूला ओढून ठेवल्या होत्या. त्या 'पर्सनल' आहेत, असं ते म्हणत होते.

"हे असं नाई चालत," मोठीमाय म्हणाली.

आमच्या तलावावर मासे काढले की काठावर सारखे ढीग लावतात. एकजण ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस ज्याचं नाव घेईल त्याचा तो ढीग. कुरकूर चालत नाही. मोठीमायने सरांच्या पर्सनल खुर्च्यांसकट सगळं सामान खोलीच्या मधोमध ओढलं आणि ढीग लावले: खुर्ची आणि हेडफोन, मॉनिटर आणि वायरी, टेबल, माइक. म्हातारे भाऊ गॉगलवाल्या वाघाकडे तोंड करून बसले.

"हा कोणाचा?"

"राजुऱ्याच्या बाईचा."

"हा?"

"चित्रं काढते त्या पोट्ट्याचा."

असं चालू होतं. सर दारात हाताची घडी घालून उभे होते. मग मोठीमायने एका ढिगावर हात ठेवला. चाक तुटलेली खुर्ची, एक्स्टेंशन बोर्ड आणि लॉन्चला उभा केलेला पुठ्ठ्याचा वाघ.

"हा कोणाचा?"

"मालकाचा," भाऊ म्हणाले.

"माझा?" सर म्हणाले. "हे सगळंच माझं आहे!"

"आमच्या इथी जो पाण्यात उतरला त्याचा ढीग लागते," मोठीमाय म्हणाली. "तुमीबी उतरले होते ना, साहेब? का काठावरच होते?"

मला वाटलं सर रागाने निघून जातील. निघून गेले असते तर थोडा तरी मान उरला असता. पण त्यांनी वाघाला हात लावून तो कुठे फाटलाय का ते पाहिलं, आणि मला विचारलं, "सुतळी आहे का?"

मी दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंटरनेटवर एक लांब लेख टाकला. अपयशाने त्यांना काय काय शिकवलं ते त्यात होतं. शेकडो लोकांनी टाळ्यांची चिन्हं दिली. त्यात सहा आवाजांबद्दल एक ओळ नव्हती.

आम्ही मालवाहू ऑटोत सामान बांधून गावी निघालो. मी मोठीमायला म्हटलं, "झालं ना आता? सगळ्यांना काही ना काही भेटलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खुर्च्या मालकानं देल्ल्या. पैशाचं तू सांगतलं होतं."

"मग मी काय करू?"

"घरोघर जा अन् सांग. माह्या मागं लपून नोको सांगू."

मी गेले. मोठीमाय आणि भाऊंना माहीत होतं, म्हणून चार घरं. पहिल्या तीन घरांत लोकांनी ऐकून सामान ठेवून घेतलं, आणि तेच जड गेलं. चौथं घर एका वहिनीचं. माशाचा भाव करणारा हसरा आवाज तिचा होता. तिच्या छपराला पावसाआधी टिना, म्हणजे पत्रे, घालायच्या होत्या, हे मला रेकॉर्डिंगच्या दिवशीच माहीत होतं. मी तिला सगळं सांगितलं. सरांचं, मामांचं, माझं न बोलणंही.

"म्या तुले विचारलं होतं, पक्कं ना?" ती म्हणाली. "तू मान हालवली होती."

"हो."

"काऊन हालवली?"

मी तिच्या वाट्याला आलेली खुर्ची पुढे केली. तिने छपराकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "ठेव तिथी." चाकांची खुर्ची शेणाने सारवलेल्या अंगणात ढकलली जाईना, चाकं रुतत होती. मी ती उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. वहिनीने मला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच पाणी प्याले आणि गडवा तिच्या हातात परत दिला.